मनाचे मूल्यमापन, मानसोपचार आणि रोग्याची भाषा

हाड मोडले तर ते क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसते. रक्तातील साखर प्रयोगशाळेत मोजता येते. रोगी स्वतः काहीही बोलला नाही, तरी या तपासण्या अडून राहत नाहीत. मनाच्या दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. बहुतांश मानसिक विकारांचे निदान निश्चित करील अशी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्राची तपासणी आजही उपलब्ध नाही. रोगी काय सांगतो, कसे सांगतो, काय सांगण्याचे टाळतो आणि त्याच्या घरची माणसे काय सांगतात, यांवरच निदानाची बरीचशी इमारत उभी राहते. म्हणजे येथे भाषा हेच तपासणीचे उपकरण होते, आणि पुढे उपचाराचेही. ज्या देशात रोग्याची एक, डॉक्टरची दुसरी आणि कसोटीची तिसरी अशा तीन भाषा एकाच खोलीत एकत्र येऊ शकतात, त्या देशात हे उपकरण कितपत नेमके चालते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांनाही बाजूला सारता येणार नाही.

मानसशास्त्रीय मूल्यमापन म्हणजे एखादी छापील प्रश्नावली भरून घेणे व गुणांची बेरीज करणे, असा एक समज रूढ आहे. कुंडली मांडावी तशी कसोटी मांडली की माणसाचे मन आपोआप वाचता येते, अशी काहींची अपेक्षा असते. तर असल्या कसोट्यांतून आपण 'वेडे' ठरू, अशी इतरांना धास्ती वाटते. दोन्ही समज सारखेच निराधार आहेत. मूल्यमापनाचा गाभा मुलाखत हा होय. त्रास केव्हा सुरू झाला, त्याआधी आयुष्यात काय घडले, झोप, भूक, काम, व्यसन, नातेसंबंध यांची स्थिती काय, जीव नकोसा वाटतो काय, पूर्वी असा त्रास झाला होता काय, घराण्यात कोणाला झाला होता काय, याची क्रमाक्रमाने विचारपूस होते. त्याच वेळी रोग्याचे बोलणे, भाव, विचारांचा ओघ, स्मरण व भान यांचे निरीक्षण चालू असते. कंठस्थ ग्रंथीचा स्राव मंदावल्याने किंवा रक्तक्षयामुळेही माणूस निरुत्साही व मंद होतो. अशा शारीरिक कारणांचा शोध आधी घ्यावा लागतो. या सर्वांतून काही तर्क उभे राहतात. कसोटीचे स्थान त्यानंतरचे. उभे राहिलेले तर्क पारखून घेणे, त्रासाची तीव्रता अंकांत नोंदवणे आणि उपचारानंतर त्याच अंकांशी तुलना करणे, एवढे तिचे काम आहे. ते थोडके नाही. पण त्याहून अधिक तिच्याकडून मागू नये.

कसोटीला अर्थ येतो तो प्रमाणकांमुळे. एखाद्या मुलाने तीसपैकी अठरा प्रश्न सोडवले, या विधानातून स्वतंत्रपणे काहीच निष्पन्न होत नाही. त्याच वयाची, त्याच प्रकारच्या परिस्थितीत वाढलेली इतर मुले सरासरीने किती सोडवतात, हे ठाऊक असेल तरच अठरा हा आकडा बोलू लागतो. बुद्धिगुणांकाच्या प्रचलित पद्धतीत सरासरी १०० धरतात आणि ७० च्या खाली शंभरांतील सुमारे दोन व्यक्ती येतात. तेव्हा तुलनेसाठी घेतलेला समूहच परका असला, तर अचूक गणितातूनही चुकीचे उत्तर निघते. भारतातील मनोमापनाचा इतिहास हा मोठ्या अंशी या परकेपणाशी घातलेल्या झटापटीचा इतिहास आहे.

आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे तयार केलेली बुद्धिकसोटी शाळकरी मुलांपैकी कोणाला विशेष अध्यापनाची गरज आहे हे ओळखण्यासाठी होती. ती पुढे जगभर पसरली. सी. एच. राइस यांनी १९२२ मध्ये तिचे हिंदुस्थानी रूपांतर सिद्ध केले. मराठी वाचकांना अधिक जवळचे नाव व्ही. व्ही. कामत यांचे. त्यांनी बिनेची कसोटी मराठी व कानडी भाषक मुलांसाठी रूपांतरित केली. त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत' या जोडनावाने ती कसोटी पुढे कित्येक दशके देशभर वापरली गेली. दोन शेजारी भाषांमधील मुलांसाठी एकच मापदंड तयार करताना प्रश्नांचा शब्दार्थ जुळवून भागत नाही. दोन्ही भाषांत तो प्रश्न सारखाच सोपा वा सारखाच कठीण राहिला पाहिजे. एका भाषेतील घरगुती शब्द दुसरीत पुस्तकी असला, तर प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते आणि बुद्धीऐवजी शब्दसंग्रहाचे मापन होते.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे शब्दांना शक्य तितकी रजा देणे. सी. एम. भाटिया यांची १९५५ मधील कृतिकसोट्यांची माला या विचारातून आली. ठोकळ्यांनी आकृती रचणे, आकृतिबंध रेखाटणे, तुकडे जुळवून चित्र पूर्ण करणे अशी कामे तीत असल्याने अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही ती देता येते. तिसरा महत्त्वाचा टप्पा नागपूरचा. ए. जे. मॅलिन यांनी तेथील बालमार्गदर्शन केंद्रातून वेक्सलर यांच्या बालबुद्धिकसोटीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचेही नागपूर रूपांतर सिद्ध केले. या दुसऱ्या श्रेणीचे मोल विशेष आहे. मूल स्वतःच्या हाताने जेवते काय, कपडे घालते काय, दुकानातून सांगितलेली वस्तू आणते काय, असे प्रश्न तीत पालकांना विचारले जातात. बुद्धिगुणांक कमी आला, परंतु मूल दैनंदिन व्यवहारात वयानुरूप वागत असले, तर त्याला बौद्धिक अक्षमता आहे असे म्हणता येत नाही. निदानासाठी दोन्ही बाजू उण्या असाव्या लागतात. घरी गोंडी किंवा भिली बोलणारे आणि शाळेत मराठी नुकतीच ऐकू लागलेले मूल मराठी शाब्दिक कसोटीत मागे पडणारच. ते मागे पडणे मुलाचे की कसोटीचे, याचा निर्णय न करता दाखला लिहिणारा तज्ज्ञ त्या मुलाच्या पुढील साऱ्या शिक्षणावर चुकीचा शिक्का मारतो. 'मतिमंद' हा शब्द आज शासकीय व्यवहारातून मागे पडला आहे. परंतु शब्द बदलल्याने शिक्क्याची शाई पुसट होत नाही.

वाचनअक्षमतेच्या बाबतीत भाषेचा प्रश्न याहूनही खोल जातो, कारण येथे लिपीचाही संबंध येतो. इंग्रजी वर्णमालेवर बेतलेली कसोटी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, अनियमित स्पेलिंगांतील चुका वगैरे पाहते. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. उकार खाली लागतो, मात्रा वर, काना उजवीकडे. जोडाक्षरांत व्यंजनांची रूपे बदलतात. मराठी मुलाच्या अडचणी इंग्रजी साच्यात सापडतीलच असे नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कानडी व इंग्रजी या भाषांसाठी अशा अक्षमतेच्या चाचण्यांचा संच सिद्ध केला, ही म्हणूनच महत्त्वाची घटना होय. त्यापूर्वी मराठी माध्यमातील कित्येक मुलांना आळशी किंवा मठ्ठ यांखेरीज निदानच मिळाले नसेल.

मुलांपेक्षा वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक उघड दिसतो. स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली तीस गुणांची एक छोटी चाचणी जगभर वापरली जाते. तीत दिनांक विचारतात, लिहिलेली सूचना वाचून तीप्रमाणे कृती करण्यास सांगतात, एक वाक्य लिहून मागतात, आणि इंग्रजीतील एक निरर्थकशी अव्ययमालिका पुन्हा म्हणावयास लावतात. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी वृद्धेला यातील कित्येक गुण स्मृती शाबूत असूनही गमवावे लागतील. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील ग्रामीण वृद्धांसाठी संशोधकांनी तिचे हिंदी रूप तयार केले; ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी शब्दाला शब्द ठेवला नाही. प्रत्येक प्रश्न मुळात मनाची कोणती शक्ती तपासतो, हे आधी ठरवले आणि त्या शक्तीसाठी गावातला प्रश्न शोधला. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगण्यास सांगितले. अव्ययमालिकेच्या जागी 'न यह, न वह' या अर्थाचा सहज परंतु जिभेला किंचित अडखळवणारा बोल आला. भाषांतराच्या सिद्धान्तावर पुष्कळ लिहिले जाते. तथापि अर्थांतर न होऊ देता शब्दांतर करणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्याच्या प्रांतातही क्वचित सापडेल.

कसोट्यांच्या भाषांतराची रूढ पद्धती अशी की एकाने मूळ मजकूर देशी भाषेत आणावा, दुसऱ्याने तो मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावा, आणि दोन इंग्रजी मजकूर जुळतात काय ते पाहावे. ही पद्धती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. पुस्तकी शब्द या चाळणीतून बिनबोभाट निसटतात. 'अवसाद' हा शब्द परतीच्या प्रवासात अचूक इंग्रजी प्रतिशब्दाकडे पोहोचेल. मात्र तो शब्द सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला विचारला तर ती गप्प बसेल. तिचा त्रास तिच्याजवळ वेगळ्या शब्दांत असतो. जीव लागत नाही, काळजात धस्स होते, जीव वरखाली होतो, मन आतल्या आत खाते, अंगात त्राण नाही, डोक्यात मुंग्या येतात, ही तिची भाषा. 'टेन्शन' हा शब्द तर आता सर्वच भारतीय भाषांनी आपला केला आहे, आणि त्याच्या पोटात चिंता, राग, खिन्नता व कर्ज असे सारे काही मावते. इंग्लंडात वसलेल्या पंजाबी लोकांत काळीज बुडते असे सांगण्याची रीत आहे, आणि ती केवळ हृदयाची तक्रार नसते, असे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. झिम्बाब्वेतील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार करणे, हा शब्दच अशा दुखण्यासाठी वापरतात. तेथील संशोधकांनी लोकांच्या अशा बोलींवरूनच १९९७ मध्ये चौदा प्रश्नांची प्रश्नावली रचली. भारतीय रोगी मनाचे दुःख शरीरावर ढकलतो, असे जे वारंवार म्हटले जाते, त्यात अर्धेच सत्य आहे. ज्या भाषेत 'जीव' हा शब्द प्राण, मन आणि देह यांच्या मधोमध उभा आहे, त्या भाषेतील माणसाने दुखणे कोणत्या बाजूला ढकलले, हे ठरवणार कोण?

मूल्यमापन योग्य झाले म्हणजे उपचाराची दिशा ठरते. छिन्नमनस्कता व उन्माद-खिन्नतेची आवर्तने यांत औषधयोजना पायाभूत असते. मानसोपचार व कुटुंबाचे शिक्षण तिच्या जोडीला येते आणि आजार उलटण्याचे प्रमाण कमी करते. सौम्य व मध्यम खिन्नता, चिंताविकृती, भयगंड, मंत्रचळ यांत मात्र मानसोपचार हा स्वतःच्या पायावर उभा असलेला उपचार आहे. 'बोलून काय होते?' हा प्रश्न अजूनही विचारला जातो, म्हणून बोलण्याने नेमके काय होते हे पाहणे इष्ट ठरेल.

मंत्रचळाचे उदाहरण घेता येईल. हात अस्वच्छ आहेत या विचाराने ग्रासलेला मनुष्य ते पुन्हा पुन्हा धुतो. धुतल्याबरोबर अस्वस्थता ओसरते, आणि हा क्षणिक दिलासाच सवयीला खतपाणी घालतो. न धुताही अस्वस्थता ओसरली असती, हे कळण्याची संधी त्याला मिळतच नाही. उपचारक त्याच्याशी चर्चा करून भीतीची चढती यादी करतो. सर्वांत कमी भीतीच्या पायरीपासून, उदाहरणार्थ दाराच्या कडीला हात लावून काही काळ न धुता बसणे, असा सराव सुरू होतो. अस्वस्थता चढते, टिकते आणि मग आपोआप उतरते. हा अनुभव शंभर उपदेशांनी मिळत नाही. वाट बेतशीर आखणे, घाई न करणे आणि माघार घेतली तरी अपमान न करणे, हे उपचारकाचे कौशल्य.

खिन्नतेत निराळी यंत्रणा काम करते. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की खिन्न व्यक्तीचे स्वतःविषयीचे, जगाविषयीचे व भविष्याविषयीचे विचार एका ठरावीक वाकड्या वळणाने जातात. एका अपयशावरून 'मी नालायक' असा निष्कर्ष निघतो आणि तो तपासलाच जात नाही. उपचारात तो विचार लिहून काढला जातो, त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे मांडले जातात. त्याच्या आधीच अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली होती. 'असे व्हावे' या इच्छेचे 'असे झालेच पाहिजे' या हट्टात रूपांतर होते आणि तेथून दुःखाचे विकृतीत पर्यवसान होते, हे तिचे सूत्र. ही पद्धती मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजवली आणि मराठीतूनही मांडली. 'व्हावे' आणि 'झालेच पाहिजे' यांतील भेद मराठी क्रियापद किती थोडक्यात दाखवते, हे येथे सहज लक्षात येते. इतरत्र परिच्छेद खर्ची घालावा लागणारी गोष्ट येथे प्रत्ययातच आहे.

विचारांऐवजी कृतीपासून आरंभ करणारी पद्धती याहूनही साधी आहे. खिन्नता आली की माणूस काम टाळतो, माणसे टाळतो. त्यामुळे समाधानाचे प्रसंग आटतात. ते आटले की खिन्नता वाढते. हे चक्र उलट फिरवण्यासाठी दिवसाच्या लहान लहान कृती ठरवून घेतल्या जातात: सकाळी विहिरीपर्यंत चालत जाणे, बहिणीला भेटणे, बंद पडलेले शिवणकाम अर्धा तास करणे. मन तयार होण्याची वाट न पाहता कृती करावयाची आणि नंतर मन कसे आहे ते नोंदवावयाचे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर आधारलेल्या उपचाराची शास्त्रीय चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार करणारे मनोरोगतज्ज्ञ नव्हते. ते मानसशास्त्राची पदवी नसलेले, परंतु प्रशिक्षण व देखरेख मिळालेले स्थानिक समुपदेशक होते, आणि सहा ते आठ बैठकी रोग्याला कळणाऱ्या भाषेत होत. तीव्र खिन्नतेच्या ४९५ रुग्णांना यात घेतले होते. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण खिन्नतेच्या ठरावीक मर्यादेखाली आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षानंतरही लाभ टिकून होता. ही तुलना नऊ प्रश्नांच्या एका साध्या प्रश्नावलीने केली गेली. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही असे किती दिवस गेले, झोप कशी होती, मरण बरे असे वाटले काय, असे तिचे स्वरूप. प्रत्येकास शून्य ते तीन, एकूण सत्तावीस गुण. मूल्यमापनाशिवाय उपचाराचे यश नुसते सांगोवांगी राहिले असते.

उपचारक व रोगी यांचे नाते सर्व समाजांत एकसारखे नसते, याकडेही भारतीय मनोरोगतज्ज्ञांनी लक्ष वेधले आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला आणि बंगालीतूनही लेखन केले. पुढे जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य नात्याचा आदर्श उपचारासाठी विचारात घ्यावा असे प्रतिपादन केले. तटस्थ राहून केवळ ऐकणाऱ्या उपचारकाने भारतीय रोगी गोंधळतो; त्याला सल्ला हवा असतो, असा त्यामागील अनुभव. या मतात तथ्य आहे, आणि धोकाही. गुरूपुढे 'नाही' म्हणता येत नाही, आणि मानसोपचारात तर 'नाही' म्हणावयास शिकणे हाच कित्येकदा उपचार असतो. कुटुंबाच्या सहभागाचा वारसा मात्र निर्विवाद मोलाचा आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत ठेवून उपचारात सामील करून घेतले, तेव्हा पाश्चात्त्य रुग्णालयांत नातेवाइकांना बहुधा भेटीच्या वेळेपुरताच प्रवेश असे.

हे सारे ज्ञान किती जणांपर्यंत पोहोचते, हा प्रश्न उरतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारांगणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास त्याच्या आजाराची व उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत व रूपात मिळण्याचा अधिकार दिला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीसह वीस भाषांत बोलता येते. कायदा व दूरध्वनी यांनी दार उघडले आहे. दाराआड बसणारा माणूस कोणती भाषा जाणतो, हे अद्याप नेमणुकांवर अवलंबून आहे.

परप्रांतात लग्न होऊन गेलेली किंवा कामासाठी स्थलांतर केलेली व्यक्ती तपासणीस येते, तेव्हा ही उणीव प्रत्यक्ष दिसते. सुनेची भाषा डॉक्टरला येत नाही, म्हणून सासू दुभाष्या होते. डॉक्टर विचारतो की घरात काही त्रास आहे काय; सून दोन मिनिटे बोलते; सासू सांगते, 'काही नाही म्हणते.' या एका वाक्यात निदानही हरवते आणि गुप्ततेचा अधिकारही. बाहेरचा, प्रशिक्षित आणि नात्यागोत्यात नसलेला दुभाषी हा यावरील सरळ उपाय. न्यायालयांत त्याची गरज सर्वांना मान्य आहे. रुग्णालयांच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात मात्र ते पद सहसा दिसत नाही. विद्यापीठांतील भारतीय भाषांचे विभाग दरवर्षी द्विभाषिक पदवीधर तयार करतात. त्यांपैकी काहींना मुलाखतीचे तंत्र, गोपनीयतेचे नियम आणि आत्महत्येचा धोका सूचित करणाऱ्या बोलींची ओळख करून देणारा अल्पकालीन अभ्यासक्रम आखणे अवघड नाही. त्यासाठी नवी कसोटी लागत नाही की नवे औषधही नाही. भाषाविभाग आणि मनोरोगविभाग यांनी एका टेबलाशी बसून पाठ्यक्रम ठरवावा लागेल.